बुकिंग नसलेले पाहुणे

रात्री दोनला वाजणाऱ्या फोनचे आमच्या धंद्यात तीनच प्रकार. पाणी गेलंय, लाईट गेलीय, नाहीतर "काका, रूममध्ये काहीतरी आहे." पहिल्या दोघांवर पंप आणि इन्व्हर्टरचा इलाज आहे. तिसऱ्यातलं 'काहीतरी' मात्र आवाजावरून ओळखावं लागतं. "भिंतीवर आहे" म्हणजे पाल. "बॅगेपाशी खुडबुडतंय" म्हणजे उंदीर. "छपरावर कुणीतरी चालतंय" म्हणजे कांडेचोर, अर्थात उदमांजर. आणि नुसतंच "तुम्ही या ना लवकर" म्हणजे झुरळ.

मालवणच्या किनाऱ्यावर होमस्टे चालवायचा म्हणजे दोन पक्षांच्या मधोमध टॉर्च घेऊन उभं राहायचं. एका बाजूला पुण्याहून आठ-नऊ तास गाडी हाकून निसर्गाच्या कुशीत राहायला आलेला पाहुणा. त्याला निसर्ग हवाच असतो, फक्त तो खिडकीच्या पलीकडे. दुसऱ्या बाजूला खुद्द निसर्ग. त्याला खिडकी ही आत यायची वाट वाटते.

मी काही अहिंसेचा पुजारी नाही. दुपारच्या ताटात बांगडा नसला तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. पण या धंद्यात मारामारी परवडत नाही, हे हिशेबाने सांगतो. एक उंदीर मारला की एक खोली रिकामी होते, आणि रिकामी खोली भरायची कला आमच्यापेक्षा उंदरांना जास्त अवगत आहे. त्याला ना फोटो लागतात ना रेटिंग. भोक उघडं आणि फरसाण सांडलेलं, एवढ्या जाहिरातीवर तो सहकुटुंब येतो. तेव्हा उंदराला हाकलण्यापेक्षा त्याचं बुकिंगच घ्यायचं बंद करावं.

आधी पालीचं उरकून घेऊ, कारण तक्रारी तिच्याच जास्त आणि गुन्हा सर्वांत कमी. घरातली पाल विषारी नसते. ती येते किड्यांसाठी, आणि किडे येतात दिव्यासाठी. तो पांढराफेक एलईडी दाराच्या डोक्यावर बरोब्बर आम्हीच लावलेला असतो. तो काढून 2700 केल्विनचा पिवळसर दिवा लावा आणि दारापासून आठ-दहा फूट लांब, पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबावर न्या. पाल आपल्या पायांनी तिकडे बदली करून घेते. अंड्याची टरफलं आणि मोरपिसं टांगायचे उपाय पाहुणे हमखास सुचवतात. टरफलांनी खोलीला फक्त अंड्याचा वास येतो.

तरीही एखादी आत राहिलीच, तर झाडू नको. एक लिटरचा पारदर्शक, रुंद तोंडाचा डबा आणि एक जाड लग्नपत्रिका घ्या. पत्रिका जितकी श्रीमंत घरची तितकी कामाला बरी. डबा सावकाश पालीवर टेकवायचा, शेपटी आत येईपर्यंत थांबायचं आणि मग भिंत व डब्याच्या मधून पत्रिका सरकवायची. इथे घाई केली की शेपटी तुटते आणि जमिनीवर एकटीच नाचते. पाल तोवर पसार झालेली असते आणि किंकाळी पाहुण्यांच्या खोलीतून येते. शेपटी पुन्हा फुटते, रिव्ह्यूमधला गेलेला स्टार फुटत नाही.

आता उंदीर. हा विषय मोठा आहे, कारण पाहुणा शिरायला जागा लागते ती सहा मिलिमीटरची. शिसपेन्सिल आत जाते तिथून लहान उंदीर जातो. थोराड उंदराला अर्धा इंच पुरे होतो. दुपारी खोलीत अंधार करून आत उभं राहिलं की जिथून उजेडाची तिरीप येईल ती प्रत्येक जागा म्हणजे एक दरवाजा. माझ्या मते पहिला संशयित एकच, एसीच्या पाइपाचं भोक. एसी बसवणारा अडीच इंची भोक पाडतो, पाइप घालतो, उरलेल्या जागेत पांढरी पुटी थापतो आणि "झालं काका" म्हणून चहा पिऊन जातो. ती पुटी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. तिथे भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा बोळा ठासून वर सिमेंट लिंपायचं. घासणी स्टेनलेस स्टीलचीच हवी. साध्या लोखंडी तारेचा खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात भुगा होतो, आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही तेच भोक पुन्हा शोधत बसता. मोरीच्या आणि झरोक्याच्या तोंडाला सहा मिलिमीटरच्या भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारेची जाळी, लावायची. मच्छरदाणीची नायलॉन जाळी उंदराला पडद्यासारखी वाटते. दाराखाली नुसती रबरी पट्टी लावू नका, ती कुरतडली जाते. धातूची पट्टी असलेला ब्रश बसवा.

पण कुठलंही भोक बुजवण्याआधी त्यात वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबून ठेवायचा. दोन-तीन रात्री बोळा जागच्या जागी राहिला तर वाट बंद आहे, बुजवा. ढकलला गेला असेल तर आत कुणीतरी राहतं. तसंच लिंपून टाकलंत तर ते आत मरतं आणि मग दहा दिवस त्या खोलीत कुठलाही रूम फ्रेशनर चालत नाही.

छपरावरून येणाऱ्यांसाठी माडाच्या खोडाला दोन पुरुष उंचीवर पत्र्याचा गुळगुळीत पट्टा ठोकायचा, आणि कौलांना टेकलेल्या फांद्या चार-पाच फूट मागे छाटायच्या. फणसाची फांदी तोडायला घरातली म्हातारी माणसं सहजासहजी परवानगी देत नाहीत. ते प्रकरण उंदरापेक्षा चिवट असतं.

शिवाय खोलीखोलीत घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा ठेवा. पाहुण्यांच्या बॅगेत बाकरवडी असतेच. डब्यावर "खाऊ" असं लिहिलं की मुलं तरी ऐकतात.

हे सगळं झाल्यावर पिंजरा. लोक उलटं करतात, आधी पिंजरा लावतात आणि मग वर्षभर लावतच राहतात. मोठा उंदीर भलता संशयी. नवीन वस्तू दिसली की चार दिवस तिच्या वाऱ्याला उभा राहत नाही. म्हणून तीन रात्री पिंजऱ्याचं दार सुतळीने बांधून उघडं ठेवायचं आणि आत फुकट जेवण द्यायचं. चौथ्या रात्री सुतळी सोडायची. पिंजरा भिंतीला चिकटून ठेवायचा, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत चालतो. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्यात फक्त पाहुण्यांचे पाय अडकतात. आमिष म्हणून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा आकड्याला दोऱ्याने बांधा. नुसता ठेवला तर तो अलगद काढून नेतो. सोबत काकडीची एक फोड टाका. अडकलेल्या जिवाला पाणी लागतंच. पिंजरा रात्री झोपताना आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या तपासायचा. पत्र्याखाली दुपारपर्यंत विसरलात तर तुम्ही त्याला पकडलं नाही, भाजलंत.

उंदीर सापडला की पिंजऱ्यावर गोणपाट टाका, अंधारात तो शांत होतो. हातात जाड मोजे हवेतच. आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचं, नाव काढलं की लोक उगाच नाही दचकत. पोटाखाली आचळं ठळक दिसली तर ती लेकुरवाळी आहे. तिला लगेच तिथेच सोडा आणि तीन-चार आठवडे थांबा, तोवर पिल्लं चालती होतात. बाकीच्यांना घरापासून शंभरेक मीटरच्या आत, झाडोऱ्याजवळ, दिवेलागणीनंतर सोडायचं. फार लांब नेला तर अनोळखी मुलखात तो बहुतेक वाचत नाही. शेजारच्या वाडीत सोडायची पद्धत तर त्याहून वाईट. आपण शेजाऱ्याकडे सोडायचे, शेजारी आपल्याकडे सोडणार, आणि उंदरांना एसटीपेक्षा नियमित सेवा मिळणार.

लेंड्या सुक्या झाडूने झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा.

बाजारात याहून सोपे उपाय मिळतात. चिकट पुठ्ठा हा त्यातला सर्वांत नीच. त्यावर उंदीर दोन-दोन दिवस तडफडतो. शिवाय पाल, साप, एखादं शिंजीर, जो येईल तो चिकटतो. कुणी चिकटलेलं सापडलंच तर ओढू नका, कातडी निघते. गोडेतेल थेंबथेंब सोडून हलक्या हाताने सोडवा. विषाच्या वड्या खाऊन उंदीर चार-सहा दिवस आतून रक्तस्राव होत मरतो, आणि मरायला जातो तो कौल आणि फळीच्या मधल्या अशा सांदीत की घर उतरवल्याशिवाय हाती लागू नये. मरण्याआधी तो घुबडाने उचलला तर घुबडही जाऊ शकतं, म्हणजे फुकट काम करणारा रात्रपाळीचा माणूस तुम्हीच घालवलात. आणि ती भिंतीत खोचायची, माणसाला न ऐकू येणारा आवाज काढणारी डबी? तो आवाज कपाटाच्याही पलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्ये असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना ताकीदपत्रं धाडली होती. आमच्याकडे ती डबी अजून "काका, हे लावा, गॅरंटीड" म्हणून पाहुणेच भेट देतात. त्या डबीच्या उबेला मुंग्या छान राहतात.

गंमत म्हणजे कायदाही भोकंच बुजवायला सांगतो. जेवण देणाऱ्यांसाठीच्या 2011 च्या अन्न परवाना नियमांत भोकं आणि गटारं बंद ठेवा किंवा जाळी लावा असं स्पष्ट आहे. फाइलला मात्र सगळे फवारणीची पावती लावतात.

पहिल्या पावसाची संध्याकाळ ही वेगळीच परीक्षा. वाळवीला पंख फुटतात आणि हजारो पाखरं दिव्यावर तुटून पडतात. पाहुण्यांना सांगून तासभर सगळे दिवे बंद करा, फक्त खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, टोकाला एक ठेवा. अंधारात बसायला सांगितलं की लोक आधी कुरकुरतात, मग कांदाभजी आली की "काय वातावरण आहे हो" म्हणतात.

माकडांबद्दल फार लिहीत नाही, कारण तो प्रश्न माकडांचा नाहीच. गॅलरीतून बिस्किट देणाऱ्या हाताचा आहे. सापाच्या बाबतीत मी हुशारी करत नाही. फुरसं हा विषारी साप वीतभर दिसतो म्हणून कुणी काठी घेऊ नये. लांबून नजर ठेवायची, दार ओढून घ्यायचं, दाराखाली ओला टॉवेल कोंबायचा आणि ओळखीच्या सर्पमित्राला नाहीतर वनखात्याच्या 1926 क्रमांकाला फोन करायचा. उंदीर आटोक्यात असले की साप मुळात कमी येतात. जिथे मेनू नाही तिथे तो तरी कशाला थांबेल?

राहिला कांडेचोर, आमच्या माळ्यावरचा जुना भाडेकरू. मांजराएवढा, लांब शेपटीचा, दिवसा वाशांच्या सांध्यात झोपणारा आणि रात्री साडेदहाला कौलांवरून बूट घातल्यासारखा चालत कामाला जाणारा. फळं खातो, उंदीर खातो आणि माडावर लावलेल्या मडक्यातली माडी पितो. इंग्रजांनी त्याला टॉडी कॅट म्हटलं ते याच लौकिकावरून. पिऊन दंगा करत नाही, एवढ्यावरून तो आमच्या कित्येक पाहुण्यांहून सरस. त्याला मारणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. गड्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, "तो खंय जातलो? तेचाच घर आसा ह्या."

पण शनिवारी पूर्ण भरलेल्या घरात हे तत्त्वज्ञान चालत नाही. तेव्हा वाट शोधायची. सरकलेल्या कौलापाशी, वळचणीला, आढ्याच्या टोकाला जिथे लाकूड तेलकट काळं पडलंय तिथून तो ये-जा करतो. तिथे माळ्याच्या फळीवर रांगोळीचा पातळ थर पसरायचा. पीठ वापरू नका, मुंग्या लागतात आणि मुंग्यांमागून पाल येते, म्हणजे पुन्हा लग्नपत्रिका. सकाळी रांगोळीत पाच बोटांचे ठसे मिळतात. मोठ्यांसोबत बारीक ठसे दिसले, किंवा दिवसा माळ्यावरून चिवचिवल्यासारखा आवाज आला, तर आत पिल्लं आहेत. मग कौलाला हात लावायचा नाही, ती आईमागून बाहेर पडू लागेपर्यंत काही आठवडे गप्प बसायचं आणि ती खोली गाढ झोपणाऱ्याला द्यायची. पिल्लं नसतील तर वाटेवर बाहेरच्या बाजूने वर उचलली जाईल अशी जाळीची झडप बिजागरीवर टांगायची. तो बाहेर जाताना ती ढकलतो, परतताना ती उघडत नाही. तीन सकाळी रांगोळी जशीच्या तशी राहिली की झडप काढून कौल बसवायचं आणि खालून जाळी मारायची.

तेवढ्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी शिडीवरून डोकावतंच. माळ्यावरची ती पांढरी, कोरी, न विस्कटलेली रांगोळी बघून एखादी आजी हळूच विचारते, "इकडे कुठल्या देवाचं ठाणं आहे का हो?"