शांततावादी स्त्रियांचा धागा

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातील स्त्रियांवर एक लेख वाचला; त्याचा सारा भर ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या डब्लिनमधील उठावात शस्त्र हाती घेणाऱ्यांवर आहे. शांततावादी स्त्रियांनी सीमेपलीकडून केलेल्या कामाचा त्यात उल्लेखही नाही, हे खटकले. १९१५च्या हेग परिषदेतून उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय महिला शांतता संघटनेच्या ब्रिटिश शाखेने १९२०मध्ये आपल्या सदस्यांना आयर्लंडला पाठवले आणि आपल्याच सरकारच्या सैनिकांनी व पोलिसांनी चालवलेल्या जाळपोळीचा अहवाल इंग्लंडच्या जनतेसमोर ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच ब्रिटिश शाखेच्या एलेन विल्किन्सन आणि अ‍ॅनट रॉबिन्सन या दोघी वॉशिंग्टनला गेल्या आणि आयर्लंडमधील परिस्थितीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. या शांतता संघटनेच्या अमेरिकी अध्यक्ष जेन अ‍ॅडम्स या आयोगाच्या सदस्य होत्या. युद्ध जिंकून आलेल्या साम्राज्याच्या नागरिक स्त्रियांनी परदेशात जाऊन स्वतःच्या सरकारविरुद्ध बोलणे, हे धाडस माझ्या मते बंदूक उचलण्याहून कमी नव्हते.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या इंग्लंडमधील शांततावादी शार्लट डेस्पार्ड यांचे उदाहरण तर विलक्षणच आहे. त्यांचे सख्खे धाकटे बंधू लॉर्ड फ्रेंच हे डब्लिनमध्ये ब्रिटिश राजप्रतिनिधी असताना, पंचाहत्तरी ओलांडलेल्या या बाई आयरिश राष्ट्रवादी मॉड गॉन यांच्याबरोबर लष्करी कायदा लागू असलेल्या भागात फिरून अत्याचारांची माहिती गोळा करत होत्या. (घरातल्या भेटीगाठींचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी!) मात्र अहिंसा मानणाऱ्यांनी सशस्त्र लढ्याची बाजू कितपत घ्यावी, हा पेच याच संघटनेच्या आयरिश शाखेला सतत छळत राहिला; लुई बेनेट यांच्यासारख्या निष्ठावंत शांततावादी आणि हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्यासारख्या प्रजासत्ताकवादी यांच्यात त्यावरून मतभेद होते.