‘आधी २००० रेटिंग, मग प्लॅन’ : या सल्ल्याचं काय करायचं?

बुद्धिबळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. थोडक्यात असा : बुद्धिबळ म्हणजे ९९ टक्के टॅक्टिक्स, म्हणजे मोहरा किंवा मात मिळवून देणारे छोटे डावपेच. रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, २००० होईपर्यंत फक्त पझल (टॅक्टिक्सची कोडी) सोडवा. मिडलगेमचे (डावाच्या मधल्या टप्प्याचे) प्लॅन हा ग्रँडमास्टर लोकांचा प्रांत, आपल्या डावात कोणी ना कोणी घोडा फुकट देतोच. इंजिनसुद्धा (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) प्लॅन करत नाही, नुसतं मोजतं. आणि प्लॅन शिकवता येत नाही, भरपूर खेळलात की आपोआप सुचायला लागतो.

पालक हे वाचून मुलांना पझलचं अ‍ॅप लावून देतात. मुलं ती पटापट सोडवतातही. मग स्पर्धेत चौदाव्या-पंधराव्या चालीला, सगळे मोहरे बाहेर आलेत, किल्लेबंदी झालीय, मारामारी कुठेच नाही, अशा वेळी एच३ खेळून, म्हणजे एच या उभ्या रांगेतलं प्यादं तिसऱ्या घरात सरकवून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतात. एकेक मुद्दा घेऊ.

‘बुद्धिबळ ९९ टक्के टॅक्टिक्स आहे.’

हे वाक्य रिचर्ड टाइशमन या जर्मन खेळाडूच्या नावावर सांगितलं जातं. टाइशमनला थट्टेने ‘पाचवा रिचर्ड’ म्हणत, कारण स्पर्धांमध्ये त्याचा नंबर वरचेवर पाचवा यायचा. पण १९११ ची कार्ल्सबाडची स्पर्धा त्याने रुबिनस्टाइन आणि श्लेष्टर या बड्या खेळाडूंना मागे टाकून जिंकली होती, तेव्हा माणूस ऐरागैरा नव्हता. तो असं म्हणाला असं धरून चालू. तरी ९९ टक्के कशाचे? डावाचा निकाल लावणारी चाल बहुतेकदा टॅक्टिकल असते, हे कबूल. ती चाल पटावर आली कुठून, याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

१९८५ सालच्या मॉस्कोतल्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा सोळावा डाव उघडा. पांढऱ्याकडून जगज्जेता कार्पोव्ह, काळ्याकडून आव्हानवीर कास्पारोव्ह. काळ्याने एक प्यादं आधीच सोडून दिलंय, आणि सोळाव्या चालीला त्याचा घोडा डी३ वर, म्हणजे पांढऱ्याच्या घरातच जाऊन बसतो. तिथून तो सी१ आणि ई१ ही घरं रोखतो, म्हणून पांढऱ्याच्या हत्तींना सी किंवा ई फाईलवर (उभ्या रांगेत) धड येता येत नाही. पुढच्याच चालीला पांढऱ्याचा एक घोडा बी१ वर परत जातो. मग काळा बी४ ढकलतो आणि दुसरा घोडा ए४ वर, पटाच्या कडेला, अडकतो. प्यादं जास्त असून कार्पोव्हसारख्या माणसाला हलवायला काही उरत नाही. चौतिसाव्या चालीला तो अखेर वजिराने डी३ चा घोडा मारतो. लगेच काळ्याचा दुसरा घोडा एफ२ वर शह देतो, राजा आणि वजीर एकाच वेळी, आणि चाळिसाव्या चालीनंतर डाव संपतो.

तो फोर्क (एका मोहऱ्याने एकाच वेळी दोघांवर हल्ला) पझल म्हणून दिला तर दहा वर्षांचं पोरगंही सोडवेल. पण सोळा ते चौतीस या चालींमध्ये जे घडलं, ते त्या पझलमध्ये कुठे दिसतं?

याच डावाची दुसरी बाजूही सांगायला हवी. कास्पारोव्हने आठव्या चालीला सुरू केलेला तो गँबिट (पुढाकारासाठी प्यादं सोडून देणं) टिकला नाही. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सला डच ग्रँडमास्टर व्हान डर वीलविरुद्ध कार्पोव्हने बाराव्या चालीला उंट ई३ वर आणला आणि त्या कल्पनेतली हवा काढून घेतली. म्हणजे कितीही देखणा प्लॅन असला तरी मोजणी चुकली की तो कोसळतो. टॅक्टिक्सला कोणी नको म्हणत नाही. वाद त्या ‘फक्त’ला आहे.

‘आपल्या लेव्हलला कोणीतरी मोहरा फुकट देतोच.’

देतो. पण कधी देतो ते बघा. दिशा नसलेला खेळाडू दर चालीला शून्यापासून विचार करतो. घड्याळ पळत राहतं, शेवटच्या दहा चालींना दोन मिनिटं उरतात, आणि मग हत्ती जातो. किंवा काहीतरी करायला हवं म्हणून स्वतःच्याच राजासमोरचं प्यादं जी४ ला ढकलतो आणि तिथून गळती सुरू होते. त्याला आपण टॅक्टिकल चूक म्हणून मोकळे होतो.

शिवाय पझल तुम्हाला एक गोष्ट फुकटात सांगून टाकतं : इथे काहीतरी आहे, शोधा. डावात ही घंटा कोणी वाजवत नाही. आणि बहुतेक चालींना तर खरोखरच काही नसतं. तेव्हा काय करायचं, याचा सराव पझलमधून होणार नाही.

‘इंजिन कुठे प्लॅन करतं?’

सेकंदाला लाखो पोझिशन तपासणाऱ्याला प्लॅनची गरज कमी, तुम्हाला-मला जास्त. चार चालींपलीकडे दिसत नाही म्हणूनच तर माणसाला दिशा लागते. आणि इंजिन नुसतं मोजतं हेही अर्धंच खरं. मोजून जिथे थांबतं, तिथली पोझिशन बरी की वाईट हे त्याला ठरवावंच लागतं. २०२० मध्ये स्टॉकफिश या इंजिनाने हे काम उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कवर सोपवलं आणि त्याची ताकद एकदम वाढली. फुटकळ वाटणारं, शेजारच्या प्याद्यांच्या आधाराविना मागे राहिलेलं प्यादं त्याच्या हिशेबात पुरेपूर धरलेलं असतं.

‘प्लॅन शिकवता येत नाही.’

हा मुद्दा सगळ्यात चुकीचा, आणि दुर्दैवाने सगळ्यात लोकप्रिय. प्लॅन म्हणजे वीस चालींचं चक्रव्यूह, ते सुचायला प्रतिभा हवी, अशी समजूत त्यामागे आहे. प्रत्यक्षात बहुतेक प्लॅन तीन-चार चालींचे असतात आणि ते प्याद्यांच्या सांगाड्यावर, म्हणजे प्यादी कुठे उभी आहेत त्यावर, लिहिलेले असतात.

क्वीन्स गँबिट या डावाच्या सुरुवातीतली एक्स्चेंज व्हेरिएशन (प्याद्यांची अदलाबदल होणारा प्रकार) घ्या. पांढऱ्याने सी प्याद्याने डी५ वर मारलं, काळ्याने ई प्याद्याने परत मारलं. आता सगळे मोहरे पटावरून उचला, फक्त प्यादी ठेवा. राजासमोरची तीन-तीन सोडून द्या. पांढऱ्याची ए२, बी२, डी४, ई३. काळ्याची ए७, बी७, सी६, डी५. या सांगाड्याला कार्ल्सबाड म्हणतात. टाइशमनने स्पर्धा जिंकली तेच हे गाव, आजचं चेक देशातलं कार्लोव्ही व्हारी. (९९ टक्केवाल्यांचा देव आणि पोझिशनल खेळाचा पहिला धडा एकाच गावचे निघावेत, याची मला गंमत वाटते.)

पांढऱ्याला सी फाईल अर्धी मोकळी आहे (तिथे त्याचं स्वतःचं प्यादं नाही), काळ्याला ई फाईल. पांढऱ्याचा नेहमीचा प्लॅन म्हणजे हत्ती बी१ वर आणून बी प्यादं बी४, मग बी५ असं ढकलायचं. ए आणि बी ही दोनच प्यादी काळ्याच्या तिघांवर चालून जातात, म्हणून याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. बी५ झालं की काळ्यापुढे वाटा किती? त्याने बी५ वर मारलं तर डी५ चं प्यादं एकटं पडतं, आधाराला शेजारी प्यादं उरत नाही. पांढऱ्याला सी६ वर मारू दिलं आणि बी प्याद्याने परत मारलं, तर सी६ चं प्यादं मागे राहतं आणि त्याच्यासमोर सी फाईलवर पांढऱ्याचे हत्ती येऊन उभे राहतात. सी५ पुढे सरकवलं तर पांढरा ते डी प्याद्याने मारतो, पुन्हा डी५ एकटं. कुठेही गेलं तरी काहीतरी दुखतंच.

त्या एका प्याद्याने लगेच काही होत नाही. ते राखायला हत्ती आणि घोडा बांधले जातात, मोहरे अवघडून बसतात, आणि मग फोर्क आणि पिन (मोहरा जागीच खिळवणं) सापडायला लागतात.

काळ्याचाही प्लॅन याच सांगाड्यात आहे. ई फाईल त्याची, म्हणून घोडा ई४ वर, हत्ती ई६ मार्गे राजाच्या बाजूला, आणि हल्ला. किंवा पांढऱ्याचं प्यादं बी४ वर आलं की तो स्वतःच बी५ खेळतो. त्याने सी६ दुबळं होतं खरं, पण घोडा सी४ पर्यंत पोहोचणार असेल तर सी फाईललाच बूच बसतं. घोडा पोहोचणार नसेल तर हीच चाल आत्मघात. हे शिकवता येत नाही असं कोण म्हणतं?

आता त्याच सांगाड्यात पांढऱ्याचा राजाच्या बाजूचा घोडा एफ३ ऐवजी ई२ वर ठेवा. एफ प्यादं मोकळं झालं. एफ३, मग ई४, आणि सगळं केंद्र पुढे सरकायला लागतं. तेव्हाचा जगज्जेता बोट्विन्निकने १९५२ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत केरेसला असंच हरवलं. सांगाडा तोच, एक घोडा दुसऱ्या घरी, आणि खेळ पटाच्या दुसऱ्या टोकाला. या दोन्ही प्लॅनचा एकेक डाव एकापाठोपाठ लावून दाखवला की बाराशे रेटिंगच्या मुलालाही फरक कळतो.

सांगाड्यावरून काही सुचत नसेल तर बाकूचे प्रशिक्षक माकोगोनोव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे : सगळ्यात निकामी बसलेला मोहरा शोधा आणि त्याला चांगलं घर द्या. १९५३ ला झुरिचमध्ये अमेरिकेच्या रेशेव्हस्कीविरुद्ध, पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोशियनचा घोडा सी६ वर होता. त्याला डी५ हवं होतं, वाट ई७ वरून, आणि ई७ वर त्याचाच हत्ती. त्याने तो हत्ती ई६ वर ठेवला, जिथे उंट त्याला सरळ मारू शकत होता. रेशेव्हस्कीने मारला. घोडा डी५ वर पोहोचला आणि अडचणीतला डाव बरोबरीत सुटला. हत्ती देण्याचं धाडस पेट्रोशियनचं, पण ‘माझ्या घोड्याला कुठलं घर हवंय’ हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. पाठोपाठ दुसराही विचारायचा : समोरच्याला आत्ता सलग दोन चाली मिळाल्या तर तो काय करेल?

सरावाची पद्धत सांगायची तर, एका महिन्यात एकच सांगाडा घ्या. त्यातले जुन्या खेळाडूंचे पाच-सहा डाव बघा, पंधराव्या चालीला थांबा, पुढचं झाका आणि दोन्ही बाजूंचा प्लॅन एका ओळीत लिहा. मग पान उघडा. स्वतःच्या डावाचंही तसंच : इंजिन लावण्याआधी त्या वेळी मनात काय होतं ते लिहून ठेवा. ‘काहीच नव्हतं’ असं लिहावं लागलं तर तेच लिहा, आणि त्या चालीपासून डाव पुन्हा मांडा. पझल रोज चालू द्या, वीस मिनिटं पुरतात.