साकुरामोची, आंबेमोहोर आणि माझी चूक

ताई, साकुरामोची म्हणजे गोड सारणाची, खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली जपानी मिठाई. तिच्या माझ्या पाककृतीच्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला, खोटं कशाला बोलू. तुमचे तीन आक्षेप: मोची म्हणजे कुटलेला भात, मी नुसता वळलाय. चेरीच्या पानाऐवजी हळदीचं पान लावून त्याला 'साकुरा' (म्हणजे चेरी) म्हणणं ही फसवणूक. आणि मी लिहिल्याप्रमाणे आंबेमोहोराचं पीठ वापरलं तर तुमचे गोळे चिरले.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक सरळ माझी आहे. 'मोदकाचं पीठ चालेल' हे वाक्य मी न करून बघता लिहिलं. आंबेमोहोराची उकड गरम असताना कितीही लुसलुशीत असो, तिला मोचीसारखी तार येत नाही. तांदळाच्या स्टार्चचे दोन घटक, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. मोचीच्या तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, सगळा कारभार अमायलोपेक्टिनचा, म्हणून तो चिकटतो आणि ताणला जातो. पाकिटावर 'ग्लुटिनस' (म्हणजे चिकट) लिहिलेलं असतं, पण त्यात ग्लुटेन नसतं. त्या शब्दाने बरेच जण फसतात. आपल्याकडे जवळचा म्हणजे आसामचा बोरा तांदूळ. ते वाक्य मी पोस्टमधून काढलंय. तुमचं पीठ वाया गेलं, माफ करा.

कुटण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. साकुरामोचीचे दोन प्रकार आहेत आणि त्यातला एकही कुटलेला नाही! तोक्योकडचा, चोमेजी देवळाजवळचा, म्हणजे गव्हाच्या पिठाचं पातळ धिरडं, आत गोड सारण. तिथल्या द्वारपालाने 1717 साली सुमिदा नदीकाठच्या चेरीची पानं खारवून ही मिठाई केली, असं सांगतात. ओसाकाकडचा प्रकार दोम्योजी-कोचा: चिकट तांदूळ वाफवून, वाळवून, जाडसर भरडलेला. मी केला तो या दुसऱ्याच्या वळणाचा. घरी भरड मिळत नाही, म्हणून शिजलेला भात लाटण्याच्या टोकाने अर्धवट चेचायचा. ओहागी (गोड सारणात घोळवलेले भाताचे गोळे) करताना जपानी लोक या अवस्थेला 'हान-गोरोशी' म्हणतात, म्हणजे अर्धमेला! आमच्या घरी आता हा शब्द खिचडीलाही लागतो.

आता पान. इथे तुमचं अर्धं बरोबर आहे, कदाचित अर्ध्याहून जास्त. ओशिमा चेरीच्या ताज्या पानाला तो वास फारसा नसतो. मिठात मुरल्यावर त्यातून कुमारिन नावाचं सुगंधी द्रव्य सुटतं आणि तो वाळल्या गवतासारखा गोडसर सुगंध येतो. इझू द्वीपकल्पातलं मात्सुझाकी गाव या खारवलेल्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. हळदीचं पान सुवासिक आहेच, पण त्याचा वास पातोळ्यांचा, चेरीच्या जवळपासही नाही. माझ्या पदार्थाला मी 'साकुरामोची' म्हणायला नको होतं. शीर्षक बदलून 'हळदीच्या पानातली गुलाबी मोची' केलंय. साकुरा हवीच असेल तर खारवलेली पानं मागवा आणि लावण्याआधी पाण्यात घालून जास्तीचं मीठ काढा. पान खायचं की काढून टाकायचं, यावर जपानात दोन्ही पंथ आहेत. मी खाते, नवरा सोलतो.

सारणाचं कुणीच विचारलं नाही, आणि मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. अझुकी (जपानी सारणाचं लहान लाल कडधान्य) नसेल तर लाल चवळी घ्या, पहिली उकळी आल्यावर ते पाणी ओतून द्या, तुरटपणा जातो. (पुरणाचं पाणी कटाच्या आमटीला जपणाऱ्या आपल्याला हे जड जातं.) मग मऊ शिजवून पुरणयंत्रातून काढा, साखर घालून आटवा. सालीसकट ठेवलं तरी चालतं.

पुन्हा करणार असाल तर: 1 वाटी चिकट तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, अर्धा तास वाफवा. 2 चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि बिटाच्या रसाचे दोन-तीन थेंब थोड्या गरम पाण्यात कालवून वरून शिंपडा, 10 मिनिटं झाकून ठेवा, मग चेचा. हात ओले ठेवा. आणि फ्रिजमध्ये मुळीच नको, तासाभरात दगड होतो. सकाळी केली तर संध्याकाळपर्यंत संपवायचीच.