दिवाळीच्या टूरला एप्रिलचा फोटो कशाला?

सकाळपासून एकच जाहिरात सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. दिवाळीच्या सुट्टीत व्हिक्टोरिया फॉल्स! आणि फोटो? या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी. अहो, तो पुराच्या दिवसांतला फोटो आहे, साधारण एप्रिलचा. डोकंच फिरलं. लोक साठवलेली पुंजी मोडून आफ्रिकेला जातात.

हा धबधबा झांबेझी नदीवर आहे, झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर. नदीला पाणी येतं ते वर अंगोला आणि वायव्य झांबियातल्या पावसाचं. तिकडचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. ते पाणी वाटेत बारोत्सेच्या सखल मैदानात पसरतं, रेंगाळतं, म्हणून धबधबा भरतो मार्च ते मेमध्ये. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी वर्षातलं सगळ्यात कमी. कडा १७०८ मीटर रुंद, पण झांबियाकडचा बराचसा भाग तेव्हा कोरडा पडतो. ईस्टर्न कॅटरॅक्ट, म्हणजे झांबियाकडचा भाग, त्याच्यासमोर उभं राहिलं की दिसतो नुसता काळा बेसॉल्ट खडक, उन्हाळ्यातल्या सह्याद्रीसारखा, आणि कुठेतरी एखादी धार. आणि जाहिरातीत मुक्काम कुठे, तर लिव्हिंगस्टनला. म्हणजे नेमका झांबियातच!

दिवाळीतच जायचं असेल तर झिंबाब्वेच्या बाजूला राहा. डेव्हिल्स कॅटरॅक्ट आणि मेन फॉल्स हे धबधब्याचे भाग तिथून समोर दिसतात आणि तिथलं पाणी आटत नाही. दोन्ही देशांना जोडणारा पूल चालत ओलांडता येतो, पण मध्ये सीमा आहे. पलीकडे जाऊन परत येता येईल असा व्हिसा मिळणार का, दोन्हीकडची प्रवेश फी पॅकेजमध्ये धरलीय का, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

कमी पाण्यात राफ्टिंग छान होतं, कड्याच्या अगदी टोकावरच्या डेव्हिल्स पूल या डोहातही तेव्हाच उतरता येतं, मान्य. पण जाहिरातीत आजी-आजोबा हसतायत. ते उतरणार आहेत का तिथे?

मुलांना न्यायचं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत न्या. तुषारांमुळे कधीकधी समोरचं काही दिसत नाही, हे खरं. पण झांबियाकडच्या नाइफ एज या पायी जायच्या पुलावर पाणी वरून येतं, आडवं येतं, दरीतून उसळून खालूनही येतं. रेनकोट घालूनही माणूस आतपर्यंत भिजतो. मुलं वेडी होतात तिथे! मोबाईल झिपच्या पिशवीत, पासपोर्ट हॉटेलात, पायात पकड असलेल्या सँडल. पौर्णिमा साधली तर चांदण्यातलं इंद्रधनुष्यही दिसतं.

आई-बाबांना मात्र जुलैमध्ये पाठवा. पाणी पुष्कळ, तुषार कमी, कडा नीट दिसतो. सकाळी गारठा असतो, स्वेटर द्या. हातात खाऊची पिशवी नको, बबून माकडं हिसकावतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या, आणि घरी आल्यावर मध्येच सोडायच्या नाहीत.