‘फुकटची बिअर’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय (नाव दिलेलं नाहीत म्हणून हेच, महोदया असाल तर तसं वाचा),

बिअरच्या पुस्तकाच्या सह्या ब्रुअरीत आणि दुकानांत कशा ठेवाव्यात, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबलं म्हणून ते स्वतंत्र टाकतो आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात असे. एक, ‘हे सह्यांचे कार्यक्रम म्हणजे फुकटची बिअर ढोसायचा साहित्यिक बहाणा आहे.’ दोन, ब्रुअरीत लोक प्यायला येतात, वाचायला नाही. तीन, ज्या ब्रुअऱ्यांनी टेबल दिलं त्यांच्याबद्दल पुस्तकात एकही उणं वाक्य नाही. चार, दुकानाच्या ४० टक्के कमिशनचं मी मांडलेलं गणित अर्धवट आहे. आणि शेवटी, जाता जाता, ‘बाकी पेन कुठलं वापरता?’

टीकेला ना नाही. पण ‘ढोसायचा’? ‘पिणे’ हे क्रियापद तुम्हाला माहीत आहे, कारण लगेच पुढच्या वाक्यात तुम्ही ते वापरलंत. म्हणजे लोक पितात आणि मी ढोसतो. असो. ब्रुअऱ्या आणि बाटल्यांची दुकानं धरून बारा वर्षं ही टेबलं लावतो आहे. तेव्हा या ‘बहाण्या’त नेमकं काय असतं ते एकदा सविस्तर लिहितोच.

सुरुवात वजनापासून. बिअरच्या पुस्तकात फोटो असतात, म्हणून आर्ट पेपर. ए-फाइव्ह आकार, २०८ पानं, १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) कागद धरा. म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेल्या १०४ कागदांचं वजन ४२० ग्रॅम, वर ३०० जीएसएमचं कव्हर, म्हणजे एक प्रत ४४० ग्रॅम. ३० प्रतींचं खोकं १३ किलोंच्या वर. तशी दोन खोकी, घडीचं टेबल, पुस्तक उभं करायचा स्टँड, सुटे पैसे, चलनबुक, दोन पंचे. हे सगळं ब्रुअरीच्या मागच्या दारातून, ओल्या फरशीवरून आत न्यायचं. ओल्या फरशीवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं की तळ मऊ होतो आणि परत उचलताना पुस्तकं खालून सांडतात. म्हणून आधी रिकामा प्लॅस्टिकचा क्रेट मागून घ्यायचा आणि खोकं त्यावर ठेवायचं. बहाणा करणारा माणूस एवढं करेल असं वाटत नाही.

मग तारीख. नवखे लेखक इथेच फसतात. ब्रुअरी म्हणते, ‘आमची नवी लागर येतेय, त्याच दिवशी सह्या ठेवू.’ ऐकायला झकास. पण यीस्टला पोस्टरवरची तारीख वाचता येत नाही. एल, म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर, साधारण दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते, थंडीत सावकाश आंबणाऱ्या लागरला चार ते आठ आठवडे लागतात, आणि शेवटी लोण्यासारखा वास उरला तर टाकी थोडी उबदार ठेवून यीस्टला तो खाऊ देण्यावाचून इलाज नसतो. त्यात चार दिवस सहज जातात. तोवर तुमची पोस्टर्स छापून झालेली. म्हणून नियम सोपा ठेवायचा: बिअर ब्राइट टँकमध्ये, म्हणजे गाळून-निवळून ओतायच्या आधीच्या शेवटच्या टाकीत, उतरल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही. आणि बिअर शिजवण्याचा दिवस तर घ्यायचाच नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवण्यापासून वर्ट, म्हणजे त्याचा गोड काढा, थंड करून फर्मेंटरमध्ये, आंबवायच्या टाकीत, सोडेपर्यंत सहा ते आठ तास जातात, पुढे गरम कॉस्टिक सोड्यानं धुलाई. ब्रुअरला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो आणि वाफेनं आर्ट पेपर लाटांसारखा होतो.

टेबल कुठे मांडायचं हा वेगळाच विषय. काउंटरच्या रांगेजवळ कधीही नाही. रांगेतल्या माणसाच्या एका हातात पाकीट असतं आणि डोळे नळांवरच्या फळ्यावर. परततो तेव्हा हातात काठोकाठ भरलेला ग्लास. पुस्तक उचलायला हात कुठाय? टेबल हवं ते पहिला ग्लास अर्धा संपवून माणूस इकडेतिकडे पाहू लागतो तिथे, म्हणजे बसायच्या जागा आणि बाहेरचं दार यांच्या मधे. विकत घेण्याचा क्षण बहुतेक वेळा निघतानाचा असतो, कारण तीन तास पुस्तक सांभाळत बसायची कुणाची इच्छा नसते. चिलरच्या पंख्याजवळ बसलात तर दर माणसाला नाव तीनदा विचारावं लागेल. त्यावर उपाय म्हणजे सोबतीला एक जण घ्या. तो गिऱ्हाइकाला आपलं नाव चिठ्ठीवर स्वतः लिहायला सांगतो आणि चिठ्ठी सहीच्या पानात खोचतो. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तिथेच मिटतो. चुकीच्या नावानं सही झालेली प्रत म्हणजे ती प्रत गेली.

आता ग्लास. २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत दवबिंदू १४ अंशांच्या आसपास असतो. लागर ओतली जाते पाच-सहा अंशांना. तेव्हा प्रत्येक ग्लासाला घाम फुटणारच, आणि लोक तो ग्लास ठेवतात कुठे, तर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर. वरच्या प्रतीचं लॅमिनेशन तग धरतं, पण कडेनं पाणी आत शिरलं की आर्ट पेपरचा लेप चिकट होतो, वाळताना दोन पानं एकमेकांना धरतात आणि सोडवायला गेलात की छपाई सोलून निघते. यावर टेबलावर ‘ग्लास ठेवू नये’ अशी पाटी लावणं हा उपाय नाही. पाटीवरच ग्लास ठेवतात. ग्लासासाठी जागाच द्यायची: टेबलाच्या डाव्या टोकाला चार कोस्टर, पुस्तकं उजवीकडे, विक्रीचा गठ्ठा टेबलाखाली क्रेटवर, आणि वर फक्त चाळायच्या दोन प्रती. त्या दोन बळी जाणार हे गृहीत धरायचं. त्यातल्या एकीत यजमान ब्रुअरीच्या पानावर खूण घालून ठेवायची, कारण तिथला प्रत्येक जण आधी तेच पान शोधतो.

हे सगळं करत मी ‘ढोसतो’ केव्हा, हे तुम्हीच सांगा. हिशेब करून दाखवतो. समजा, मी १५० मिलीचे चार चाखणीचे ग्लास घेतले, म्हणजे ६०० मिली. पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये त्यातला शुद्ध मद्यार्क ३० मिली, वजनानं जवळपास २४ ग्रॅम. आठ टक्क्यांची स्टाउट, म्हणजे काळी बिअर, असेल तर ४८ मिली. एका प्रतीमागे बोलणं धरून तीन-चार मिनिटं, म्हणजे तासाला १५ ते २० सह्या, तीन तास सलग. त्यात हिशेब, सुटे, नावं. वर उरलेली खोकी गाडीत घालून गाडी चालवत परत यायचं. टेबलावर माझ्यासमोर पाणी असतं. ज्याला खात्री करायची त्यानं यावं आणि ग्लासाचा वास घ्यावा. निघताना ब्रुअर एखादी बाटली हातात ठेवतो, ती मी घेतो. न घेणं हा त्याचा अपमान होईल. कधी कधी दोन असतात. याला कुणी ‘फुकटची बिअर’ म्हणत असेल तर आपल्या दोघांची मराठी वेगळी आहे.

दुसरा मुद्दा, लोक प्यायला येतात, वाचायला नाही. बरोबर. पुस्तकाच्या दुकानातही लोक वाचत नाहीत, विकत घेतात. पुढे चला.

तिसरा, निष्पक्षतेचा. एका ब्रुअरीच्या पिल्सनर या लागरबद्दल ‘तळाशी लोण्याचा वास’ असं मी पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथे अजून सह्या झालेल्या नाहीत हे खरं, पण त्याचं कारण त्यांची जागा लहान आहे. या विषयावर यापेक्षा जास्त बोलायची मला गरज वाटत नाही.

चौथ्या मुद्द्यावर मात्र तुमचं म्हणणं मान्य. ४० टक्के कमिशन लिहिलं आणि परतीचं लिहायचं राहिलं, ही माझी चूक. सूर बाजूला ठेवला तर तुमच्या प्रतिक्रियेतला हा कामाचा भाग. गणित असं: किंमत १०० धरा, छपाई ३५. दुकानानं ४० घेतले की तुमच्या हाती २५ राहतात. ब्रुअरी स्वतःच्या गल्ल्यावर १५ टक्क्यांवर विकायला तयार झाली तर ५० राहतात. म्हणजे ब्रुअरीतल्या १२ प्रती म्हणजे दुकानातल्या २४. (तुम्ही ‘प्रवासखर्च तरी निघतो का’ असं कंसात विचारलं होतं, त्याचं उत्तर यातच आलं.) वितरक मधे आला की एकूण कमिशन ५५ टक्क्यांपर्यंत जातं, मग उरतात १०.

पण दुकान माल घेतं ते ‘विकलं तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर. परत आलेल्या प्रतीचा कोपरा दुमडलेला असेल तर ती पुन्हा विकता येत नाही आणि तिच्या छपाईचे ३५ बुडतात. एक खराब प्रत जवळपास दीड प्रतीची कमाई खाते. म्हणून चलनावर चार गोष्टी लिहून घ्यायच्या: किती प्रती, किती दिवसांसाठी, परतीचं भाडं कुणाचं, आणि सही केलेली प्रत परत घ्यायची की नाही. चौथीवरूनच भांडणं होतात. कार्यक्रमानंतर दुकानदार हौसेनं म्हणतो, ‘आणखी वीस सह्या करून ठेवा.’ करायच्या, पण दहा. आणि त्या खिडकीत मांडू नका असं बजावून निघायचं. उन्हानं कव्हरवरची पिवळी आणि मजेंटा शाई आधी उडते, पुस्तक निळसर दिसायला लागतं. त्याच खिडकीत हिरव्या बाटल्या ठेवणारा दुकानदार असेल तर त्यालाही सांगा: उजेडानं हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, कडू घटक तुटतात आणि बिअरला स्कंक या प्राण्यासारखा उग्र वास येतो, तपकिरी काच तो उजेड बराच अडवते. दुकानदाराच्या माल मांडण्यात नाक खुपसणं उद्धटपणाचं असेल, पण पुस्तक बिअरवरच लिहिलंय.

गल्ल्याबद्दलही लेखात राहिलं होतं, ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. ब्रुअरीच्या गल्ल्यावर विकायचं ठरलं तर पुस्तकाचा कोड त्यांच्या यंत्रात दोन दिवस आधी भरून घ्या. नाहीतर पोरं ते ‘इतर’ खात्यात टाकतात आणि रात्री किती प्रती गेल्या हे कुणालाच कळत नाही. स्वतःच्या क्यूआर कोडवर घेणार असाल तर टेबल लागणार त्या जागेवर उभं राहून आदल्या दिवशी एक व्यवहार करून पाहा. स्टीलच्या टाक्या आणि काँक्रीटच्या भिंतींमधे फोनची रेंज पाच पावलांवर बदलते.

राहिलं पेन. तुम्ही टोमणा मारलात की खरंच विचारलंत ते कळलं नाही, पण प्रश्न चांगला आहे. आर्ट पेपर शाई शोषत नाही, त्यामुळे साधं जेल पेन बराच वेळ ओलं राहतं आणि पुस्तक मिटलं की सही समोरच्या पानावर उलटी उमटते. त्यावर बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर चालतो, त्यातलं स्पिरिट काही सेकंदांत उडतं. मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या छपाईच्या कागदावर, मात्र तोच मार्कर पाठीमागे उतरतो, तिथे ०.५ मिमीचं पिग्मेंट शाईचं पेन. ती शाई वाळल्यावर वर थेंब पडला तरी पसरत नाही, आणि ब्रुअरीत थेंब पडतोच. मी स्वतः छापखान्याला १३ पैकी पहिला १६ पानी फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच) मॅपलिथोवर घ्यायला सांगतो. मुखपृष्ठानंतरचं कोरं पान, शीर्षकपान, अनुक्रमणिका, प्रस्तावना हे सगळं काळ्या शाईतलं असतं, तिथे आर्ट पेपरवर पैसे घालवायचं कारणच नाही. तीन पेनं जवळ ठेवा. एक गिऱ्हाईक घेऊन जातं, एकात शाई संपते. आणि सही झाल्यावर पान मिटण्याआधी मधे बटर पेपरचा तुकडा ठेवा. माझ्या पिशवीत कापलेले असतात.