'बंबलबी'त ॲक्शन कमी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि तिथे खाली चार ओळींत उत्तर मावेना म्हणून इथे वेगळं लिहितेय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी 'बंबलबी'ला, म्हणजे गाड्यांचं रूप घेणाऱ्या रोबोंच्या 'ट्रान्सफॉर्मर्स' मालिकेतल्या 2018 च्या सिनेमाला, उगाच डोक्यावर घेतलंय. कमाई आधीच्या ट्रान्सफॉर्मर्सपेक्षा कमी, ॲक्शन जेमतेम, गोष्ट सरळ स्पीलबर्गच्या 'ई.टी.'वरून उचललेली, आणि पुढचा भाग परत जुन्याच वळणावर गेला, मग ह्याने मरगळलेली फ्रँचायझी जिवंत केली असं मी कशाच्या जोरावर म्हणतेय? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "ट्रान्सफॉर्मर्स बघायला जाणारा माणूस रडायला जात नाही."

ह्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते, कारण माझा खरा मतभेद तिथेच आहे. रडायला कुणीच जात नाही हो, पण समोर जे मार खातंय त्याचं काही बरंवाईट व्हावं असं वाटतंय की नाही, हा प्रश्न ॲक्शनच्या आतलाच आहे, तो वेगळा काढून बाजूला नाही ठेवता येत. 2014 चा भाग 165 मिनिटांचा आहे. त्यात शहरं कोसळतात, रोबो रोबोंना फाडतात, आणि तासाभरानंतर कोण कोणाला मारतंय ह्याच्याशी आपलं देणंघेणंच उरत नाही. 'बंबलबी' 114 मिनिटांत संपतो आणि त्यात एका रोबोला साधा विजेचा झटका दिला तरी पोटात खड्डा पडतो. मला विचाराल तर ॲक्शन कमी कुठे आहे ते इथे ठरतं.

आता गॅरेजचा सीन घ्या. सिनेमाची नायिका चार्ली टॉर्च घेऊन त्या जुन्या पिवळ्या बीटल गाडीच्या, म्हणजे बंबलबीच्याच, खाली सरकते आणि वर बघते तर गाडीच्या पोटात चेहरा. ती घाबरून बाहेर येते, गाडी उलगडते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने आपण धरून चालतो की आता हा उभा राहणार, तोफ काढणार, मागे म्युझिक वाजणार. तो काय करतो? भिंतीला चिकटून अंग चोरतो. तिच्यापेक्षा जास्त तोच घाबरलाय, कारण आवाजाचं यंत्र उपटून काढलेलं, स्मृती गेलेली, आपण कोण हेही त्याला माहीत नाही. मग ती हळूहळू पुढे येते, हात पुढे करते आणि तो मान खाली आणतो. संवाद जवळजवळ नाहीतच, जे काही आहे ते खांद्यांत, मानेत आणि त्या दोन निळ्या डोळ्यांत. एवढ्या अवाढव्य लोखंडाला लहान दिसायला लावणं हे मोठं काम आहे आणि ते कुणी केलं हे बघितलं की सगळं जुळतं. ट्रॅव्हिस नाइट हा मुळात स्टॉप-मोशनचा माणूस, लायका स्टुडिओचा, 'कुबो अँड द टू स्ट्रिंग्स' हा त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा आणि 'बंबलबी' हा दुसरा, पण माणसांना घेऊन केलेला पहिलाच. बाहुलीची मान केसाएवढी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, परत हलवायची, ह्यात ज्याची वर्षं गेलीत त्याला ठाऊक असतं की मान किती अंशात झुकली की भीती दिसते आणि किती झुकली की लाज दिसते.

'ॲक्शन जेमतेम' हा मुद्दा मला त्यामुळेच पटत नाही. सुरुवातीचं सायबरट्रॉनवरचं, म्हणजे रोबोंच्या मूळ ग्रहावरचं युद्ध परत बघा, एकेक रोबो रंगावरून आणि आकारावरून पटकन ओळखू येतो, लाल तो लाल, निळा तो निळा, 1984 च्या खेळण्यांची आणि कार्टूनची ठेवण तशीच ठेवलीय. 2007 च्या पहिल्या सिनेमातला एकटा ऑप्टिमस, चांगल्या रोबोंचा म्होरक्या, दहा हजारांहून जास्त सुट्या भागांचा होता, तंत्र म्हणून थोरच, त्या टीमच्या मेहनतीला मनापासून सलाम, पण दोन असे रोबो भिडले की पडद्यावर पत्र्यांचं वादळ आणि हात कुणाचा पाय कुणाचा काही कळेना. 'बंबलबी'च्या क्लायमॅक्सला तीन रोबो आहेत, फक्त तीन. एक आपला, दोन शत्रू, दोघंही त्याच्यापेक्षा मोठे आणि धष्टपुष्ट, म्हणून ह्याला डोकं चालवावं लागतं, हाताला लागेल ती साखळी घ्यावी लागते. प्रत्येक ठोसा कुठून आला नि कुठे बसला ते दिसतं. आणि त्याच वेळी चार्ली टॉवरवर चढतेय. वडील गेल्यावर तिने डायव्हिंग सोडलंय, मधे कड्यावर सगळ्यांसमोर तिला उडी मारायला डिवचतात तेव्हा ती मारत नाही, तिथून निघून जाते. शेवटी पाण्यात बंबलबी आहे म्हणून ती उडी मारते. ही उडी ॲक्शन सीनमध्ये मोजायची की भावनिक सीनमध्ये? मला तरी ते वेगळं करता येत नाही, आणि सिनेमाचं यश मला तिथेच वाटतं.

'ई.टी.'बद्दल. हो, साम्य आहेच, एकटं पडलेलं पोर, लपवलेला परका, मागावर सरकारी माणसं. पण उचलेगिरी म्हणायच्या आधी एक लक्षात घ्या, ह्या मालिकेच्या निर्मात्यांत स्पीलबर्ग पहिल्यापासून आहे आणि 2007 च्या सिनेमाची कल्पना त्याने मांडली होती ती 'एक मुलगा आणि त्याची पहिली गाडी' अशीच. त्या सिनेमाचा पहिला तास आजही छान वाटतो तो त्यामुळेच, आणि ह्याचं श्रेय त्याचा दिग्दर्शक मायकल बेला द्यायलाच हवं. पुढच्या चार भागांत मात्र मुलगाही हरवला आणि गाडीही. क्रिस्टिना हॉडसनने पटकथा लिहिताना बाहेरून काही आणलं नाही, घरातच पडलेली वस्तू पुसून वर ठेवली असं मी म्हणेन. शिवाय चार्ली ही काही 'ई.टी.'मधला छोटा इलियट नाही. ती अठरा वर्षांची आहे, वडिलांसोबत दुरुस्त करायला घेतलेली कॉर्व्हेट गाडी अजून गॅरेजमध्ये अर्धवट पडलीय, आई पुढे गेली आणि ही मागे राहिली ह्याचा राग तिच्या प्रत्येक वाक्यात आहे. चार्ली झालेली हेली स्टाइनफेल्ड समोर काहीही नसताना नुसत्या हवेकडे बघून हे सगळं करतेय हे विसरू नका.

राहिला पैशाचा मुद्दा. जगभरच्या आकड्यांत तुमचं बरोबर आहे, 2014 ला 110 कोटी डॉलर, 2017 ला 60 कोटी, 'बंबलबी' 47 कोटींच्या आत. पण हा 2017 च्या भागापेक्षा कितीतरी स्वस्तात बनलेला सिनेमा आहे आणि अमेरिकेत त्याच दिवशी समोर 'ॲक्वामॅन' होता. नुसते अमेरिकेतले आकडे बघितले तर 2009 ला 40 कोटी, मग 35, मग साडेचोवीस, मग 2017 ला थेट 13. म्हणजे घसरण आधीपासूनच चालू होती, प्रेक्षक दर भागाला उठून जात होते. 'बंबलबी'ने 12.7 कोटींवर ती घसरण थोपवली आणि 2023 चा भाग साडेपंधरा कोटींच्या पुढे गेला. फार मोठी उडी नाही, मान्य, पण 2009 नंतर पहिल्यांदा आकडा वर गेला तो ह्याच्यानंतर.

आणि तो 2023 चा भाग परत जुन्या वळणावर गेला म्हणता ते अर्धंच खरं आहे. शेवटचा अर्धा तास आकाशात ग्रह गिळणारं काहीतरी आणि खाली धूळ, तो मलाही कंटाळवाणा वाटला. पण त्याच सिनेमात नोआ हा तरुण आणि मिराज हा रोबो अशी जोडी आहे ना, ती जिथे जिथे पडद्यावर येते तिथे तो सिनेमा जिवंत होतो, आणि ती जोडी चार्ली-बंबलबीशिवाय लिहिलीच गेली नसती असं मला ठामपणे वाटतं. वाट दाखवलेली होती, पुढच्यांनी ती निम्मीच धरली, ह्याचा दोष 'बंबलबी'च्या माथी का मारायचा?

तुम्ही विचारलंय की हा बघायला आधीचे पाच बघावे लागतात का. अजिबात नाही, गोष्ट 1987 ची आहे आणि सगळं पहिल्यापासून सांगितलंय. घरात आठ-दहा वर्षांचं कुणी असेल तर बिनधास्त सोबत बसवा, फक्त आवाजाचं यंत्र उपटतात तो सुरुवातीचा सीन जरा कठोर आहे, तेव्हा जवळ बसा.