आधी पाडायचं, मग विचार करायचा!

शिकागोच्या स्टेट स्ट्रीट या जुन्या बाजाररस्त्याचा कायापालट होणार, हे ऐकलं की आता डोकंच उठतं. १९७९ मध्ये खासगी गाड्या बंद करून रस्त्याचाच पादचारी मॉल (फक्त चालणाऱ्यांसाठी आणि बससाठी) केला, धंदा बसला, १९९६ मध्ये गाड्या परत! याच रस्त्यावरच्या 'ब्लॉक ३७' या चौकोनी भूखंडावरच्या इमारती १९८९ मध्ये पाडायला घेतल्या आणि भर बाजारातली जागा दीड दशक ओसाड ठेवली. तिथलं शॉपिंग सेंटर उघडलं २००९ मध्ये. त्याखालच्या अर्धवट रेल्वे स्टेशनात वीस कोटींहून जास्त डॉलर गाडले, रेल्वेगाडी एकही नाही! लोकांचा पैसा आहे तो. दरम्यान या रस्त्यावरच्या जुन्या मोठ्या दुकानांपैकी मार्शल फील्ड्सचं नाव बदलून मेसीज झालं, कार्सन्स बंद पडलं. अरे, भाडेकरू आणि पैसा हातात नसताना चालती दुकानं पाडायची परवानगी देताच कशाला?